एक म्हणजे थांब

घुम्याचं बोलणं जायला लागलं तेव्हा ते कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि त्यात दोष लोकांचा नव्हता. ज्या माणसाने उभ्या जन्मात ‘हं’, ‘बघू’ आणि ‘पाना दे’ यापलीकडे फारसं काही उच्चारलं नाही, त्याचे शब्द कमी झालेत की नेहमीइतकेच आहेत हे कोण मोजत बसणार? तो लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री. कामाला लागला त्याच आठवड्यात त्याच्या जोडीदाराने त्याचं नाव घुम्या ठेवलं, आणि ते असं चपखल बसलं की पुढे त्याची बायकोसुद्धा चिडली की त्याच नावाने हाक मारायची. जोडीदाराला सगळे रेडिओ म्हणत. एकाच्या तोंडून शब्द निघत नसे आणि दुसऱ्याच्या तोंडाला झाकण नव्हतं, त्यामुळे दोघांचं छान जमलं. भांडायला दोघांनाही बोलावं लागतं.

निवृत्त होऊन थोडे दिवस झाले आणि त्याची जीभ जड झाली. आधी ‘र’ नीट येईना, मग सगळ्याच शब्दांच्या कडा गेल्या. खालच्या दुकानदाराने एकदा ‘काय मिस्त्री, आज दिवसाढवळ्याच?’ असं विचारून अंगठा तोंडाशी नेला. घुम्या आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवला नव्हता. खुलासा करायचा तर बोलावं लागणार, आणि बोललं तर दुकानदाराची खात्रीच पटणार. इकडे आड तिकडे विहीर. तो साबण न घेताच परत फिरला.

मग एके दिवशी चहाचा घोट नाकातून बाहेर आला. रेडिओ समोरच बसला होता. आधी तो पोट धरून हसला, मग घुम्याचा चेहरा बघून गप्प झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला दंडाला धरून दवाखान्यात घेऊन गेला. बरेच दरवाजे ठोठावून झाल्यावर मेंदूच्या डॉक्टरांनी निदान सांगितलं. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत जाणार होत्या. सुरुवात जिभेपासून आणि घशापासून झाली होती. पुढे हात, पाय आणि शेवटी श्वास. औषध होतं ते वेग थोडा कमी करणारं. घुम्याला हे डॉक्टरांच्या अपेक्षेपेक्षा लवकर समजलं. मोटर शाबूत, दोर शाबूत, वायरिंग जळत चाललंय, अशा लिफ्ट त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या. फरक एवढाच की त्यांचं वायरिंग बदलता यायचं.

गिळायला शिकवणारी एक बाई असते हे त्याला तेव्हाच कळलं. तिने सांगितलं की हनुवटी छातीला लावून गिळायचं, घास लहान घ्यायचा, खाताना मान वर करायची नाही, हसायचं नाही, घाई करायची नाही. कोरडं, कुरकुरीत काही खायचं नाही. आणि पातळ तर काहीच प्यायचं नाही, कारण पाणी घशापेक्षा चपळ असतं आणि वाट चुकून श्वासनळीत उतरतं. प्रत्येक पेयात एक पावडर घालून ते दाट करायचं. घुम्याने पहिल्यांदा तसा चहा केला तेव्हा कपात चमचा उभा राहिला. ‘ह्याने पतंग चिकटव,’ रेडिओ म्हणाला. घुम्याने ती खळ मुकाट्याने पोटात ढकलली.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. पोटाला छोटं भोक पाडून एक नळी बसवायची, म्हणजे अन्नपाणी परस्पर पोटात जाईल आणि गिळण्याची कटकट राहणार नाही. पण हे फुप्फुसात जोर आहे तोवरच करून घ्यायला हवं, नंतर भूल झेपणार नाही. घुम्याने पुसता येणाऱ्या पांढऱ्या पाटीवर लिहिलं, ‘बघू’. ती पाटी मुलीने आणून दिली होती. तिने तो शब्द वाचला आणि तिचा जबडा आवळला गेला.

मुलगी दुसऱ्या शहरात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. बसने अर्धा दिवस लागे. तिचं म्हणणं सरळ होतं, बाबांनी तिच्याकडे येऊन राहावं. आणि घुम्याला तेच तर नको होतं. मुलीचं घर चांगलं होतं, जावई भला होता, जावयाची आई तर त्याच्यासाठी ताटकळत थांबून जेवली असती. अडचण तीच होती. आपल्या घरात लाळ गळली तर ती नुसती गळते. दुसऱ्याच्या घरात ती सगळ्यांना दिसते. इथे सगळ्यात वरच्या मजल्यावर त्याच्या दोन खोल्या होत्या. फळ्या त्याने स्वतः ठोकलेल्या होत्या. गेलेल्या बायकोची खुर्ची खिडकीशी होती, आणि भिंतीपलीकडून इमारतीच्या लिफ्टचा आवाज यायचा, जो ऐकून लिफ्ट बरी आहे की आजारी ते त्याला कळायचं. बरोबर खालच्या मजल्यावर रेडिओ राहायचा. मरायचं तर इथेच, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

शेवटी तोड निघाली, ती मुलीने काढली.

“ठीक आहे. राहा इथे,” ती म्हणाली. “पण एकदा, बाबा. एकदा जरी ठसका लागून पडलात, तर पुढे वाद नाही. सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. कबूल?”

घुम्याने मान डोलावली.

“आणि काका, तुम्ही मला सांगायचं. मैत्रीखातर काही लपवायचं नाही.”

“मी? अगं पोरी, माझ्या तोंडात तीळ तरी भिजतो का?” रेडिओ म्हणाला. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

आता त्या दोघांच्या टोल्यांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून चालते तिला शाफ्ट म्हणतात. जुन्या काळी एक मिस्त्री शाफ्टमध्ये लिफ्टच्या टपावर उभा राहायचा आणि दुसरा वर मशीनजवळ. आवाज एकमेकांपर्यंत पोचायचा नाही. म्हणून टपावरचा माणूस लोखंडी रुळावर पान्याने टोले द्यायचा. दोन म्हणजे वर, तीन म्हणजे खाली, आणि एक म्हणजे थांब. शिकवणारे मोठे मिस्त्री बजावून सांगायचे, “आतला माणूस मालक. बाहेरच्याने स्वतःची अक्कल चालवायची नाही. एक टोला ऐकला की हातातला घास हातात. पुढचा टोला येईपर्यंत हलायचं नाही.”

हा धडा रेडिओच्या अंगात कसा मुरला त्याचीही एक गोष्ट आहे. दोघं ऐन तिशीत असताना एकदा टपावर काम करणाऱ्या घुम्याची बाही दोर आणि चाकाच्या मध्ये ओढली गेली. त्याने एक टोला दिला. वर रेडिओने मशीन बंद केलं आणि तो तसाच उभा राहिला. साहेब येऊन ओरडले, काय झालंय ते बघ, जरा मागे घेऊन बघ. रेडिओ हलला नाही. साहेबांनी नोकरीची भीती घातली, तरी हलला नाही. खाली घुम्याने खिशातल्या सुरीने बाही कापली, हात मोकळा केला आणि मग दोन टोले दिले. मशीन बोटभर जरी फिरलं असतं तरी हात गेला असता. त्या दिवसापासून एक टोला म्हणजे रेडिओला देवाची आज्ञा.

घुम्याचं बोलणं संपल्यावर त्यांनी हीच भाषा घरात आणली. पाण्याचा लोखंडी पाइप दोघांच्या स्वयंपाकघरातून जायचा. घुम्याने ओट्यावर जुना पाना ठेवला. दोन टोले म्हणजे वर ये. काही झालं, घास अडकला, पडलो, काहीही, की दोन. एक टोलाही वापरात होता, पण गमतीसाठी. रेडिओ गायचा. त्याचा सूर असा की दूधवाला पायऱ्या गाळत पळायचा. फार झालं की घुम्या वरून एक टोला हाणायचा आणि रेडिओ ओळीच्या मध्यात थांबायचा. थोड्या वेळाने घुम्याला दया आली तर तीन टोले यायचे आणि गाणं पुन्हा सुरू व्हायचं.

आणि मग ती दुपार आली.

घुम्याला पाव हवा होता. दुसरं काही नाही. भाजलेला, कडेला करपलेला, दाताखाली आवाज करणारा पाव, आणि त्याबरोबर चहा, पाण्यासारखा पातळ, चहासारखा चहा. कित्येक महिने तो लगदा गिळत होता. दूध लगदा, भाजी लगदा, फळ लगदा. माणसाला भूक पोटाची असते असं म्हणतात, पण त्याला आता कळलं होतं की दातांनाही भूक असते. त्याने दाराला आतून कडी घातली. रेडिओकडे किल्ली होती आणि तो न सांगता टपकायचा, आणि आता तर तो मुलीचा पहारेकरी होता. वरची कडी घट्ट होती, बोटांत तेवढा जोर राहिला नव्हता, म्हणून त्याने खालची लावली. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता.

पाव त्याने तव्यावर भाजला. वासानेच डोळ्यांत पाणी आलं. पहिला घास त्याने शिकवल्याप्रमाणे अगदी नियमाने घेतला, हनुवटी छातीला लावून, आणि तो उतरला. चहाचा घोट उतरला. दुसरा घास उतरला. खालून रेडिओचं गाणं पाइपमधून वर येत होतं, नेहमीप्रमाणे भलत्याच पट्टीत. घुम्याला बरं वाटलं. इतकं बरं की तिसऱ्या घासाला आपण आजारी आहोत हे तो विसरला आणि मान वर करून चहा प्यायला.

पावाची कड घशात आडवी बसली आणि चहा तिच्या बाजूने चुकीच्या वाटेने उतरला. त्याने खोकायचा प्रयत्न केला. खोकला यायला जो जोर लागतो तो छातीतून निघालाच नाही. श्वास आत घेतला तर शिट्टीसारखा बारीक आवाज झाला आणि पुढे काही आलं नाही. त्याने पाना उचलला. डोळ्यांसमोर पाइप दोन झाले होते. त्याने हाणला. टोला नीट बसला, खणखणीत. दुसऱ्यासाठी हात उचलला आणि बोटं उघडली. पाना सुटून जमिनीवर पडला आणि ओट्याखाली सरकला.

खाली गाणं थांबलं.

एखाद्याने बटण बंद करावं तसं, ओळीच्या मध्यात. घुम्याला त्या शांततेचा अर्थ लखलखीत कळला. एकच टोला गेला होता. खाली त्याचा जोडीदार हातातलं काम हातात ठेवून उभा असणार होता, आणि पुढचा टोला येईपर्यंत हलणार नव्हता. साहेब आले तरी नाही, नोकरी गेली तरी नाही. जगात त्याच्याइतका पक्का माणूस नव्हता. घुम्याच्या मनात आलं की आपण आता या पक्केपणानेच मरणार.

तो गुडघ्यांवर आला. हात ओट्याखाली घातला; पान्याला नख लागत होतं, बोट नाही. छातीत जाळ पेटला होता. त्याने पाना सोडला आणि दाराकडे सरपटायला लागला. दार फार लांब नव्हतं, पण तेवढ्या अंतरात बायकोची खुर्ची दोनदा आडवी आली असं त्याला वाटलं. श्वास मधूनच एक चिमूटभर आत जात होता. तेवढ्यावर तो पुढे सरकत होता.

खाली गाणं पुन्हा सुरू झालं.

आधी हळू, मग मोठ्याने, मग मुद्दाम बेसूर. घुम्याला ते ओळखू आलं. रेडिओ त्याला डिवचत होता. टोला दे, पुन्हा दे, बघू किती देतोस. एक ओळ झाली. दुसरी झाली, ती तर इतकी वाईट की मेलेला माणूस उठून टोला देईल. तिसरी ओळ सुरू झाली आणि मधेच तुटली. मग खुर्ची पडल्याचा आवाज आला, आणि जिन्यावर पावलं.

“घुम्या? अरे, मी एवढा वाईट गातोय आणि तू गप्प?” किल्ली फिरली. दार बोटभर उघडलं आणि अडलं. “कडी कशाला घातलीस? घुम्या. कडी काढ. ऐकतोयस ना? खालची आहे की वरची? खालची असेल तर काढ, बाबा, काढ.”

घुम्याने तळहात कडीवर मारला. ती हलली नाही. त्याने मनगट टेकवलं आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला, आणि कडी सरकली. दार त्याच्या खांद्यावर आदळून उघडलं. रेडिओने त्याला पालथं धरलं आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने असे तडाखे दिले की आयुष्यभराचा हिशेब चुकता व्हावा. पावाची कड जमिनीवर पडली. केवढीशी होती ती. घुम्याच्या छातीत हवा शिरली तेव्हा त्याच्या घशातून असा आवाज निघाला, की तो ऐकून रेडिओ भिंतीला टेकला आणि खाली बसला.

रेडिओच्या एका गालावर दाढीचा फेस वाळला होता.

“मी थांबलो,” रेडिओ म्हणाला. “तू एक दिलास आणि मी थांबलो. वस्तरा हातात घेऊन उभा राहिलो, गाढवासारखा.” तो पुन्हा तेच म्हणाला, आणि मग तिसऱ्यांदा.

घुम्याने पाटी ओढली आणि लिहिलं, ‘तिला सांगू नकोस.’

रेडिओने वाचलं. खिशातून फोन काढला. घुम्याने बोटाच्या पेराने जमिनीवर एक टोला दिला, आणि रेडिओचा हात जागच्या जागी थांबला. तो तसाच थांबला, फोन धरून. घुम्याला वाटलं, जिंकलो.

“शाफ्टमध्ये माणूस पडला तर आपण कधी लपवलं होतं का?” रेडिओ म्हणाला. “नाही ना? मग आज तुझा टोला मी ऐकणार नाही.” आणि घुम्याच्या डोळ्यांदेखत तो मोडून त्याने मुलीला फोन लावला.

मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी आली, हातात रिकामी मोठी बॅग घेऊन. ती ओरडली नाही. ओरडली असती तर घुम्याला बरं वाटलं असतं. तिने कपाट उघडलं आणि त्याचे बनियन, टॉवेल, स्वेटर एकेक करून घडी घालून बॅगेत ठेवायला लागली. रेडिओ दाराशी उभा होता, चुपचाप. हे दृश्य पाहायला कंपनीतले जुने लोक तिकीट काढून आले असते.

घुम्याने लिहिलं, ‘मी येत नाही.’

“कबूल केलं होतंत.”

‘चूक माझी. पाव खाल्ला. आता नाही खाणार.’

“प्रश्न पावाचा नाही, बाबा.” तिने स्वेटर खाली ठेवला. “प्रश्न हा आहे की तुम्ही बोलावत नाही. मरायला टेकलात तरी बोलावत नाही. आई दवाखान्यात होती तेव्हा मी फोनवर विचारलं होतं, येऊ का? तुम्ही काय म्हणालात, आठवतंय? ‘बघू.’ मी बघत बसले. तुम्ही बघू म्हणालात म्हणजे तसं काही नसेल म्हणून मी बघत बसले, आणि आई गेली.” तिचा आवाज फाटला. “तेव्हा तर बोलता येत होतं तुम्हाला.”

आणि घुम्या हसला. पोटातून, खदखदा, लाळ गळेपर्यंत. मुलीचा चेहरा पांढरा पडला. त्याने तोंडावर हात दाबला. हसू हाताखालून बाहेर येत राहिलं आणि डोळ्यांतून पाणी. दुसऱ्या हाताने त्याने पाटीवर कसंबसं खरडलं, ‘हे हसू माझं नाही. आजाराचं आहे.’ अक्षरं एकमेकांवर चढली होती. तिने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि त्याच्या तोंडाशी टॉवेल धरून त्याच्या शेजारी बसली. हसू थांबेपर्यंत ती तशीच बसून होती.

मग घुम्याने पाटी पुसली. लिहायला त्याला फार वेळ लागला. ‘नळी घालून घेतो. घर सोडत नाही.’

“हा सौदा आहे?”

त्याने मान डोलावली.

“आणि नळी घातली तरी लाळेने ठसका लागतो, ते? डॉक्टरांनी मलाही सांगितलंय.”

घुम्याने बॅगेकडे पाहिलं. बॅग अर्धी भरलेली होती. तेवढ्यात दाराशी रेडिओने घसा खाकरला.

“एक बोलू का? चूक नियमाची आहे. बुडणाऱ्या माणसाने दोन मोजून द्यायचे, हा कुठला नियम? आजपासून एक म्हणजे ये. दोन नाही, तीन नाही. एक. थांब म्हणायचंच नाही.”

“आणि तुम्ही याल?” मुलीने विचारलं. “काल तर उभे राहिलात.”

हे तिने उगाच म्हटलं असं तिला लगेच वाटलं असावं, कारण रेडिओने मान खाली घातली. मग तो म्हणाला, “शिकेन.”

नळी बसवायची तारीख मिळेपर्यंत मुलगी तिथेच राहिली, आणि त्या दिवसांत दोन म्हाताऱ्यांची शाळा भरली. घुम्या कधीही टोला द्यायचा. पहिल्याला रेडिओ थांबला. सरळ थांबला, झाडू हातात धरून, आणि मग स्वतःलाच शिव्या घालत वर आला. “कान सांगतात जा, पाय सांगतात थांब,” तो म्हणाला. “पाय जुने कर्मचारी आहेत, ऐकत नाहीत.” दुसऱ्या वेळी तो थांबून निघाला. पुढे एकदा निघून जिन्यात थांबला. घुम्या वरून ऐकत राहायचा. टोला आणि पहिलं पाऊल यांच्यामध्ये जी पोकळी होती तिच्यात त्याचं घर टांगलेलं होतं. मुलगीही ऐकायची. तिने बॅग पूर्ण भरली नव्हती आणि रिकामीही केली नव्हती.

रेडिओने खालची, वरची, दोन्ही कड्या काढून नेल्या. पान्याला त्याने एक दोरी बांधली आणि ती पाइपला अडकवली, म्हणजे हातून सुटला तरी जमिनीवर जाणार नाही. हळूहळू पोकळी आखडत गेली.

नळी बसली. दवाखान्यातून परत आल्यावर मुलीने नळीतून अन्न कसं सोडायचं ते शिकून घेतलं, रेडिओला शिकवलं, आणि एके दिवशी सकाळी कोणाला न सांगता स्वतः पाना उचलून पाइपवर एक टोला दिला. रेडिओ आला. ओल्या अंगाने, टॉवेल गुंडाळून, अनवाणी, पायऱ्यांवर पाण्याची वाट करत. तो दारात धापा टाकत उभा राहिला आणि तिच्या हातात पाना बघून म्हणाला, “पोरी, निदान लुंगी तरी नेसू द्यायचीस.” ती हसली, आणि संध्याकाळी तिने बॅगेतले बनियन पुन्हा कपाटात ठेवले. घुम्याने ते पाहिलं.

जायच्या दिवशी तिने त्याला सगळं पुन्हा एकदा बजावलं, खिडकीशी खुर्ची सरकवून दिली आणि ती निघाली. रेडिओचा निरोप घ्यायला ती एक मजला उतरून त्याच्या स्वयंपाकघरात गेली. वर घुम्या एकटा राहिला. भिंतीपलीकडे लिफ्ट वर येत होती. आवाजावरून बरी होती. थोड्या वेळाने मुलगी त्या लिफ्टमध्ये बसणार, आणि लिफ्ट खाली जाणार.

त्याला काहीही झालं नव्हतं. श्वास नीट होता, घसा मोकळा होता. तो उठला, भिंतीला धरत ओट्यापर्यंत गेला, आणि पाना हातात घेऊन उभा राहिला. बायको दवाखान्यात होती ते दिवस त्याला आठवले. फोन कानाशी होता. पोरगी विचारत होती, येऊ का. तेव्हाही घसा मोकळा होता.

त्याने एक टोला दिला.

खाली खुर्ची मागे सरकली. पावलं जिन्यावर आली, दोन माणसांची, आणि पुढची पावलं तरुण होती. मुलगी दारातून आत धावली, पिशवी अजून खांद्यावर, चेहऱ्यावर रक्त नाही.

“काय झालं? बाबा, काय झालं?”

त्याने मान हलवली. काही नाही झालं. पाटी टेबलावर होती. तो पाटीकडे वळलाही नाही.

मागून रेडिओ आला, कठड्याला धरत. “अरे, जीव घेशील का माझा, उगाच कशाला—” आणि त्याने दोघांकडे पाहिलं, ओळीच्या मध्यात थांबला, आणि पाय न वाजवता पायऱ्या उतरून गेला.

घुम्या पाना धरून तसाच उभा होता. मुलीने त्याच्याकडे पाहिलं, मग पाइपकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. तिने खांद्यावरची पिशवी काढून जमिनीवर ठेवली.

“आले, बाबा,” ती म्हणाली.